डिंगो टेहळणी गाडी : युद्धखेळातील लघुप्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्य टेबलावर मांडणाऱ्या खेळाडूंच्या संग्रहात हमखास आढळणारी हलकी टेहळणी गाडी. मूळ गाडीची रचना बीएसए या ब्रिटिश कंपनीची, उत्पादन डेमलर कंपनीचे. १९३९ ते १९४५ या काळात अशा सुमारे ६,६०० गाड्या तयार झाल्या. आत दोन माणसे, एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), समोर ३० मिमी. जाडीचे चिलखत आणि वजन जेमतेम ३ टन. तोफ नव्हती आणि तिची गरजही नव्हती. शत्रू कुठे आहे ते पाहायचे, बिनतारी यंत्रावरून कळवायचे आणि जिवंत परतायचे, एवढेच तिचे काम.

परतण्याची सोय मात्र रचनेतच होती. पुढे जाण्याचे पाचही गिअर उलट दिशेलाही वापरता येत. चालकाचे आसन किंचित तिरके होते, त्यामुळे खांद्यावरून मागे पाहत गाडी भरधाव मागे नेता येई. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की प्रतिकृती कशी रंगवायची आणि कशी खेळवायची, दोन्ही उलगडते.

२८ मिमी. आकाराच्या, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीचे शिपाई असलेल्या खेळांत साधारण १:५६ हे प्रमाण वापरतात. त्यानुसार ३.१८ मीटर लांबीची डिंगो सुमारे ५७ मिमी. भरते. तिची उंची जेमतेम २७ मिमी., म्हणजे तळपट्टीवर उभा केलेला शिपाई तिच्याहून उंच दिसतो. नवख्याला हे माप चुकले असे वाटते, पण ते बरोबर आहे. गाडी कुंपणाआड लपावी म्हणूनच ती इतकी बुटकी केली होती.

रेझिनची प्रतिकृती रंगवण्यापूर्वी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी लागते. साच्यातला तेलकट थर राहिला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पुढे सोलून निघतो. उघड्या छताच्या गाडीत माणसे बसवायची असतील तर ती वेगळी रंगवून शेवटी चिकटवावीत, कारण नंतर आत ब्रश पोचत नाही. मग मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ तपकिरी वॉश आणि कडांवर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग घासणे) हा नेहमीचा क्रम.

रंग कोणता, हे वर्षावर ठरते. १९४०–४१ च्या उत्तर आफ्रिकेतील वाळवंटात फिकट दगडी, रुपेरी करडा आणि पाटीसारखा गडद करडा अशा सरळ रेषांच्या तिरप्या पट्ट्या असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. संग्रहालयांत पुन्हा रंगवलेल्या रणगाड्यांवर निळी छटा आली आणि ती पाहून अनेक वर्षे खेळाडूही आकाशी निळा वापरत राहिले. रुपेरी करड्या पट्ट्यांची खरी छटा हिरवट करडी होती. नॉर्मंडीसाठी, म्हणजे १९४४ साठी, ऑलिव्ह हिरवा आणि ओळखीचा पांढरा तारा योग्य.

डिंगोला रणगाड्यासारखे रंगवणे ही सर्वांत मोठी चूक. ती चाकांची गाडी आहे. धूळ चाकांवर, मडगार्डांवर आणि मागच्या बाजूला साठते, तर चिलखताचा वरचा भाग त्यामानाने स्वच्छ राहतो. जादा चाक तर चिकटवूच नये. टायर जवळजवळ भरीव रबराचे असल्याने मूळ गाडीला ते लागतच नसे. गुंडाळलेली ताडपत्री, डबे, कांबळी मात्र बाहेर लटकवावीत, कारण आत जागाच नव्हती.

डेकल, म्हणजे पाण्याने चिकटवायची चिन्हे, चमकदार वार्निशच्या थरावर लावून वर मॅट वार्निश मारतात. कोकणात किंवा मुंबईत हे शेवटचे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत फवाऱ्याचे मॅट वार्निश दुधाळ होते आणि आठवड्याची मेहनत पांढुरक्या पडद्याआड जाते.

‘बोल्ट अ‍ॅक्शन’ या टेबलावरील युद्धखेळाच्या नियमांच्या २०१६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत टेहळणी गाड्यांना खास मुभा आहे. शत्रूने नेम धरला आणि गाडीने त्या फेरीत अजून हुकूम घेतलेला नसेल, तर ती गोळीबाराआधीच मागच्या मागे पळू शकते. उलट्या गिअरपेटीला नियमांनी दिलेली ही अचूक दाद आहे. बदल्यात त्या फेरीतली तिची पाळी संपते. म्हणून डिंगो उभी करताना पुढे काय दिसते याआधी मागे सरळ वाट आहे का, ते पाहावे. चाकांच्या गाडीला खडबडीत जमीन वर्ज्य असते. मागे नांगरलेले शेत किंवा ढिगारा असेल तर ही मुभा निरुपयोगी. पहिल्याच फेरीत तिला मैदानात दामटणारे बहुधा ती गमावतात. भिंतीआड थांबलेली डिंगो मात्र प्रतिस्पर्ध्याला तोफ तिच्यावर खर्चावी की नाही या पेचात ठेवते.

भारतीय पलटणी मांडणाऱ्यांसाठी आणखी एक गाडी जवळची आहे. कॅनडाहून आणलेल्या फोर्डच्या सांगाड्यावर टाटांच्या कारखान्यात चिलखत चढवून चाकांची ‘इंडियन पॅटर्न’ गाडी बनत असे. ‘टाटानगर’ हे तिचे टोपणनाव. इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती आणि डिव्हिजनची टेहळणी सहाव्या लान्सर्सकडे होती. ते सैन्य मांडताना डिंगोशेजारी टाटानगर ठेवणे इतिहासाला धरून होते.