कॉपी प्रकरणाची नोटीस आली तर: खुलासा, सुनावणी, अपील आणि मध्येच हरवणारा एक कागद

निकालाच्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांचे गुण दिसतात आणि आपल्या नावापुढे नुसतं ‘निकाल राखीव’. धावपळ इथून सुरू होते, पण तोवर प्रकरण निम्मं होऊन गेलेलं असतं. परीक्षा विभागाच्या टेबलामागे बसून मी अनेक वर्षं हे खुलासे घेतले, तपासले, पुढे पाठवले. पोरं चिठ्ठीमुळे जेवढी अडकतात, त्याहून जास्त अर्जातल्या कागदांमुळे अडकतात. म्हणून हे लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे.

कायदा थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ खाली परीक्षा व मूल्यमापन मंडळ गैरप्रकारांच्या चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. प्रश्नपत्रिका काढणारे आणि पेपर तपासणारेही याच समितीच्या कक्षेत येतात, पण ते कुणी विद्यार्थ्यांना सांगत नाही. शिक्षा काय, हे प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमात असतं. मुंबई विद्यापीठात त्या अध्यादेशाला सगळे ‘५०५०’ म्हणूनच ओळखतात. तुमच्या विद्यापीठाचा शिक्षेचा तक्ता आधी मिळवा आणि वाचा. तो न वाचता खुलासा लिहिणारे शंभरात नव्वद, असं माझं आपलं मत.

पहिला कागद परीक्षेच्या खोलीतच तयार होतो

चिठ्ठी सापडली की पर्यवेक्षक ती आणि उत्तरपत्रिका जप्त करतात, जबाब लिहून घेतात आणि उरलेल्या वेळेसाठी नवी उत्तरपत्रिका देतात. ही नवी उत्तरपत्रिका घ्या आणि पेपर पूर्ण करा. रडत बाहेर पडू नका.

जबाबाची गंमत वेगळीच. गंमत कसली, तिथेच घात होतो. पेपरचा वेळ जात असतो, घशाला कोरड पडलेली असते आणि पर्यवेक्षक म्हणतात, ‘लिहून टाक, सॉरी म्हण, विषय संपव.’ विद्यार्थी लिहितो: ‘माझ्याकडून चूक झाली, मी कॉपी केली, पुन्हा करणार नाही.’ एका मुलीच्या कंपासपेटीत सापडलेली चिठ्ठी आदल्या दिवशीच्या विषयाची होती. त्या दिवशीच्या पेपरशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण जबाबात तिने माफी मागितली होती, विषयाचं नाव लिहिलंच नव्हतं. दोन महिन्यांनी सुनावणीत तिने ते सांगितलं, तेव्हा पहिलाच प्रश्न आला: तेव्हाच का नाही लिहिलंत?

जबाब देताना जे घडलं तेवढंच लिहा. काय सापडलं, कुठे सापडलं, ते कोणत्या विषयाचं होतं, उत्तरात वापरलं होतं की नाही. चिठ्ठी वापरली असेल तर खोटं लिहू नका. नसेल वापरली, तर ‘मी कॉपी केली’ हे वाक्य कुणाच्याही सांगण्यावरून लिहू नका. जबाब द्यायला नकार दिला तर तशी नोंद होते आणि ती नोंद तुमच्या बाजूने वाचली जात नाही.

खुलासा

मग ‘कारणे दाखवा’ नोटीस येते. ती महाविद्यालयाच्या पत्त्यावर येते, हे लक्षात ठेवा. सुट्टीत गावी गेलेला विद्यार्थी महिन्याने परततो, तोवर खुलाशाची मुदत उलटलेली असते. म्हणून प्रकरण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून एकदा परीक्षा विभागात डोकावा.

आलेल्या खुलाशांपैकी बहुतेक दोन पानं घरच्या परिस्थितीवर असतात. वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न, पहिलीच चूक. समितीतली माणसंही घरदार असलेलीच असतात, त्यांना वाईट वाटतं. पण तक्त्यात ‘परिस्थिती’ नावाचा रकाना नाही. तिथे फरक असतो तो नुसतं साहित्य जवळ असणं आणि ते पाहून प्रत्यक्ष उतरवणं यात. पहिल्यात त्या परीक्षेचा निकाल रद्द होऊ शकतो, दुसऱ्यात वर पुढच्या परीक्षेची बंदीही लागू शकते. म्हणजे तुमच्या खुलाशातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे: ‘जप्त केलेला मजकूर माझ्या प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नाही, दोन्ही ताडून पाहावे ही विनंती.’ आईच्या औषधांची पावती शेवटी जोडायची असेल तर जोडा.

सोबत हॉल तिकिटाची प्रत, नोटिशीची प्रत आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, लागतो. हे सोपं आहे, याच्यात कुणी अडकत नाही.

खुलासा देताना दोन प्रती घेऊन जा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ असं म्हणाले तर साहेब जेवून येईपर्यंत थांबा. हा सल्ला हास्यास्पद वाटतो, पण ‘खुलासा प्राप्त नाही’ असा शेरा असलेल्या फायली मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या निदान काही विद्यार्थ्यांनी खुलासा दिला होता यावर माझा विश्वास आहे.

सुनावणी

बाजू ऐकून घेतल्याशिवाय एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सांगितलं. मात्र १९७० मध्ये बिहारच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की संपूर्ण केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल, तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी घेण्याची गरज नाही. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे पाहून बोला. ‘मला ऐकलंच नाही’ हा मुद्दा दुसऱ्या प्रकारात टिकत नाही.

बहुतेक ठिकाणी समितीपुढे वकील चालत नाही, स्वतः बोलावं लागतं. गैरहजर राहिलात तर निर्णय तुमच्यावाचून होऊ शकतो. आजारपण असेल तर आधी लेखी कळवा, नंतर नाही.

हरवणारा कागद: आदेशाची प्रत

आता खरी अडचण. निर्णय होतो, विद्यापीठ महाविद्यालयाला पत्र पाठवतं, महाविद्यालयातला लिपिक ते नोंदवहीत चढवतो आणि विद्यार्थ्याला तोंडी सांगतो, ‘तुझी परीक्षा रद्द झाली.’ किंवा नुसता निकाल बदलतो. लेखी आदेश हातात पडतच नाही. आणि पुढचं प्रत्येक दार उघडायला तोच आदेश लागतो, त्यावर लिहिलेलं कारण लागतं, आणि तो केव्हा मिळाला याची तारीख लागते. ‘मला आदेशाची प्रत मिळावी’ असा एका ओळीचा अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घ्या. प्रत हातात पडेल तेव्हा तिच्यावर ‘आज मिळाली’ असं लिहून तारीख टाका आणि लिपिकाची सही घ्या.

पुढचा मार्ग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, विद्यार्थी तक्रार निवारण विनियम, २०२३ मधला. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग लोकपाल (भ्रष्टाचारवाला नव्हे, विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणारा). थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो, कारण आधीचे मार्ग वापरलेले असण्याची अट आहे. या तक्रार निवारण समितीचा अध्यक्ष प्राध्यापक असतो, विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो, आणि इथे तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला बाजू मांडायला पाठवता येतं.

मुदतीचा घोळ इथे होतो. समितीने अहवाल १५ कामकाजाच्या दिवसांत, आणि तोही ‘शक्यतो’, द्यायचा असतो. विद्यार्थ्याने लोकपालाकडे अपील करायचं ते निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत, आणि तिथे ‘कामकाजाचे’ हा शब्द नाही. त्यांचे रविवार वगळले जातात, तुमचे मोजले जातात. दिवाळीच्या सुट्ट्या धरून निवांत राहिलेले अर्जदार मी पाहिले आहेत.

दुसरा घोळ शब्दांचा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही तक्रारीची व्याख्या नाही. विनियमात कारणं दिली आहेत: मूल्यमापनात अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत, परीक्षा किंवा निकालाला वेळापत्रकापेक्षा उशीर, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं वगैरे. आपला मुद्दा यातल्या कोणत्या खणात बसतो ते पाहून त्याच शब्दांत लिहा. नुसतं फेरतपासणी करा किंवा गुण वाढवा, असं अपील लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. आणि खोटी तक्रार निघाली तर तक्रारदारावरच कारवाईची शिफारस होऊ शकते.

उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मिळते, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्या अपिलाची मुदत १५ दिवसांत संपते. तेव्हा प्रतीची वाट पाहत बसू नका. अपील दाखल करा, त्यात लिहा की कागदपत्रं मागितली आहेत, मिळताच सादर करतो, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच जोडा.

इतर प्रकरणं, एकेका परिच्छेदात

रॅगिंगची वाट वेगळी आहे. महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते आणि तथ्य दिसलं तर निलंबन होतं. तिथे माफीनामा लिहून प्रकरण मिटत नाही, फौजदारी गुन्हा आहे.

पीएचडीवाल्यांसाठी साहित्यचोरीचे २०१८ चे विनियम. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार हे मोजणीत धरायचे नसतात. अहवालातल्या आकड्यात ते धरले गेलेत का, हे आधी तपासा. घाबरून आलेल्यांपैकी बरेच जण तपासतच नाहीत.

आणखी एक. प्रकरण चालू असताना पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायचा का, हे प्रत्येक जण विचारतो. लेखी आदेशाने बंदी घातली नसेल तर भरा, मुदतीत भरा आणि पावती जपून ठेवा. निर्दोष ठरूनही अर्ज न भरल्यामुळे सहा महिने घरी बसलेला मुलगा माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि त्या वेळी माझ्याकडे त्याला देण्यासारखा एकही फॉर्म नव्हता.