मेमरिस्टर: नाव १९७१चं, वस्तू त्याआधीची

रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टर ही सर्किटच्या मूळ घटकांची त्रयी कॉलेजात सगळ्यांनीच घोकलेली असते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे अभियंते लिऑन चुआ यांना १९७१ साली तिथं चौथी जागा रिकामी दिसली. विद्युतदाब, प्रवाह, विद्युतभार आणि चुंबकीय फ्लक्स (चुंबकीय क्षेत्राच्या प्रवाहाचं माप) या चार राशींच्या सहा जोड्या होतात. त्यांतल्या पाचांचं नातं ठाऊक होतं. उरलेल्या भार-फ्लक्स जोडीच्या घटकाला त्यांनी मेमरिस्टर म्हटलं. आजवर किती भार वाहून गेला, यावर त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ठरतो. पायवाट वहिवाटीनं रुळते तसंच. फक्त उलट दिशेनं चाललं की ही वाट पुन्हा बुजते.

वस्तू हाती नव्हती, म्हणून चुआंनी तिची नक्कल करणारं सर्किट जोडलं. १९७६ मध्ये सुंग-मो कांग यांच्यासोबत त्यांनी व्याख्या इतकी सैल केली की तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टरही तिच्यात बसला.

गंमत म्हणजे असं वागणाऱ्या वस्तू आधीपासून होत्या. स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो यांनी १९६० साली पेन्सिलीच्या शिशावर तांब्याचा मुलामा चढवत-उतरवत रोध बदलणारा घटक केला. त्याचं नाव ‘मेमिस्टर’. एका ‘र’चा फरक, पण टर्मिनलं (तारा जोडायची टोकं) मेमरिस्टरसारखी दोन नव्हे, तीन. १९६०च्या दशकात ऑक्साइडच्या पातळ थरांतही रोध असा बदलताना दिसला होता.

मग २००८. एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या दोन इलेक्ट्रोडांमधला टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दाखवून ‘हाच तो’ असं जाहीर केलं. त्यांचं मॉडेल साधं होतं: थराचा एक भाग कमी रोधाचा, दुसरा जास्त रोधाचा, आणि प्रवाहाबरोबर सरकणारी मधली सीमा. अडचण टोकांना होती, कारण नुसतं समीकरण सीमेला थराबाहेरही जाऊ देतं. २००९ मध्ये योगेश जोगळेकर (आडनाव ओळखीचं वाटलं ना?) आणि स्टीफन वुल्फ यांनी टोकाजवळ वेग शून्यावर आणणारं ‘विंडो फंक्शन’ सुचवलं. पण शून्यावर आलेली सीमा तिथून निघणार कशी? त्याच वर्षी बिओलेक या संशोधकांनी फंक्शन प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून ठेवलं आणि सीमा सुटली. मला हा किस्सा मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो. सर्किट डिझाइन करणाऱ्याच्या हाती शेवटी मॉडेलच येतं. मेमकपॅसिटर आणि मेमइंडक्टर, म्हणजे स्मृती असलेले कपॅसिटर आणि इंडक्टर, या भावंडांची मांडणीही २००९चीच.

वाद मिटलेला नाही. एचपीच्या थरात चुंबकीय फ्लक्सचं काहीच काम नाही, मग तो चुआंचा मूळ घटक कसा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. बाजारानं मात्र निकालाची वाट पाहिली नाही. पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये अशी रोधबदलू मेमरी असलेले मायक्रोकंट्रोलर विकायला काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही मेमरिस्टरवर संशोधन चालतं. न्यूरल नेटवर्कवाल्यांना (मेंदूच्या धर्तीवर शिकणारी संगणकीय जाळी बनवणाऱ्यांना) आडव्या-उभ्या तारांची जाळी हवी आहे: प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर, त्याची वाहकता हा गुणक, आणि तारेवर प्रवाहांची बेरीज किरखॉफच्या नियमानं (जोडावर येणारे प्रवाह एकत्र होतात) आपोआप. मात्र शेजारशेजारचे दोन घटकही हुबेहूब सारखे वागत नाहीत, त्यामुळे मॉडेलात आता यादृच्छिकताही धरावी लागते.