शुन्सुके नाकामुरा : संघातून वगळलेल्या मुलाचा डावा पाय

जपानी फुटबॉलपटू शुन्सुके नाकामुराचं नाव निघालं की फुटबॉलवेड्यांना आधी आठवते ती 21 नोव्हेंबर 2006ची रात्र. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचं ग्लासगोतलं मैदान सेल्टिक पार्क, समोर इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड, सामना संपायला दहाएक मिनिटं उरलेली आणि गोल एकाचाही नाही. साधारण तीस यार्डांवरून नाकामुराने डाव्या पायाने मारलेली फ्री किक (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारी मोकळी किक) बचावपटूंच्या भिंतीवरून वळत थेट जाळ्यात गेली. गोलरक्षक एडविन व्हॅन डर सारची झेप तोकडी पडली. शेवटच्या मिनिटांत सेल्टिकच्या आर्तुर बोरुत्सने लुई साहाची पेनल्टी अडवली आणि सेल्टिक चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, बाद फेरीत पहिल्यांदाच पोहोचला.

त्या गोलाची चित्रफीत आजही फिरते. पण तो मारणारा खेळाडू घडला कसा, हा भाग मला गोलाइतकाच मोलाचा वाटतो.

नाकामुराचा जन्म 24 जून 1978चा, योकोहामातला. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती. संघ असायचे ते मोठ्या कंपन्यांचे, आणि बहुतेक खेळाडू त्या कंपनीचेच नोकरदार. योकोहामातला निस्सान मोटर्सचा संघ त्यातला नावाजलेला. 15 मे 1993 रोजी जे-लीग सुरू झाली. टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झालेल्या पहिल्याच सामन्यात याच संघाने, आता योकोहामा मारिनोस या नव्या नावाने, वर्दी कावासाकीला 2-1 असं हरवलं. चौदा वर्षांचा नाकामुरा त्या वेळी मारिनोसच्याच कुमार संघात होता. देशभर फुटबॉलची लाट आलेली, आपण त्या लाटेतल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एकात. आता फक्त वरच्या वयोगटाच्या संघात जायचं होतं.

तिथेच त्याला वगळलं. उंची कमी, अंगात ताकद नाही, असं क्लबचं मत पडलं.

जपानी फुटबॉलची एक खासियत इथे त्याच्या मदतीला आली. तिथे खेळाडू घडण्याच्या दोन वाटा आहेत. एक क्लबच्या अकादमीची, दुसरी शाळेच्या संघाची. आणि शाळेची वाट दुय्यम मानली जात नाही. हिवाळ्यात, ऐन नववर्षाच्या सुट्टीत होणारी अखिल जपान हायस्कूल स्पर्धा टीव्हीवर घराघरांत पाहिली जाते. नाकामुरा कावासाकीच्या तोको गाकुएन शाळेत गेला. तिथे त्याची उंची वाढली, पण त्याआधी सवयी पक्क्या झाल्या होत्या. संघाचा सराव संपल्यावर एकट्याने फ्री किक मारत राहायचं, आणि दिवसभरात काय जमलं, काय चुकलं, पुढचं उद्दिष्ट काय, हे वहीत लिहायचं. ही वही त्याने व्यावसायिक झाल्यावरही सोडली नाही. 1997च्या जानेवारीत तोको गाकुएन त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलं आणि इचिरित्सु फुनाबाशीकडून हरलं. त्याच वर्षी ज्या मारिनोसने त्याला नाकारलं होतं, त्याच मारिनोसने त्याला करारबद्ध केलं.

याच काळात योकोहामात एक मोठं वादळ उठलं. शहरातला दुसरा क्लब, योकोहामा फ्ल्यूगल्स, प्रायोजकाने हात काढून घेतल्यामुळे 1998 संपता संपता मारिनोसमध्ये विलीन करण्याचं ठरलं. फ्ल्यूगल्सच्या चाहत्यांना ते मान्य नव्हतं. मारिनोसच्या नावात फ्ल्यूगल्सचा ‘एफ’ जोडून त्यांचं समाधान होणार नव्हतंच. त्यांनी स्वतःचा योकोहामा एफसी हा क्लब उभा केला. नाकामुराच्या गोष्टीत हा क्लब शेवटी पुन्हा येतो.

2000 साली तो जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लेबनॉनमध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही होता. साहजिकच घरच्या मैदानावरच्या 2002च्या विश्वचषकात तो दिसणार, असं साऱ्यांनी धरलं होतं. प्रशिक्षक फिलिप त्रूसिये यांनी 23 जणांच्या यादीत त्याला घेतलं नाही. माझ्या मते हा घाव पंधराव्या वर्षीच्या नकारापेक्षा खोल होता, कारण या वेळी सारा देश बघत होता. त्याच उन्हाळ्यात तो इटलीच्या दक्षिण टोकावरच्या रेज्जिना क्लबात दाखल झाला. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, तग धरणं हेच त्या क्लबचं ध्येय. तीन हंगाम तो तिथे झगडला. दरम्यान नवे राष्ट्रीय प्रशिक्षक झिको यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, आणि 2004च्या आशिया चषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

2005मध्ये गॉर्डन स्ट्रॅकन यांनी त्याला सेल्टिकला नेलं. पुढची चार वर्षं ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत भरभराटीची: सलग तीन लीग विजेतेपदं, आणि 2007मध्ये स्कॉटलंडच्या खेळाडूंनी व पत्रकारांनी, दोघांनीही, वर्षातला सर्वोत्तम म्हणून त्यालाच निवडलं. त्या हंगामाचं विजेतेपद किल्मार्नॉकमध्ये पक्कं झालं, तेही भरपाईच्या वेळेतल्या त्याच्याच फ्री किकवर. स्कॉटलंडचा खेळ धसमुसळा. तिथे अंगाने किरकोळ माणसाने चेंडू मागून घेऊन डाव उलगडत न्यावा, हे प्रेक्षकांना भावलं.

2009मध्ये तो स्पेनच्या एस्पान्योल क्लबात गेला, पण तिथले महिने निष्फळ गेले. त्याच काळात, सप्टेंबर 2009मध्ये, जपानच्या नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यात एक प्रसंग घडला. फ्री किक मिळाली तेव्हा तरुण केइसुके होंडा चेंडू मागू लागला. नाकामुराने नकार दिला. होंडालाही गांबा ओसाकाच्या कुमार संघातून वर घेतलं नव्हतं, तोही शाळेच्या वाटेनेच आलेला. 2010च्या विश्वचषकात जपानचा आक्रमणाचा कणा होंडा झाला. नाकामुराला नेदरलँड्सविरुद्धच बदली म्हणून थोडा वेळ मिळाला आणि 98 सामने, 24 गोलांवर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली.

मारिनोसमध्ये परतल्यावर 2013मध्ये, वयाच्या 35व्या वर्षी, तो पुन्हा जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोनदा हा मान मिळालेला तो पहिलाच. पण ज्या लीग विजेतेपदासाठी तो परतला होता, ते मारिनोसने शेवटचे दोन्ही सामने हरून घालवलं. 2017मध्ये तो जुबिलो इवाताला गेला, राष्ट्रीय संघातला त्याचा ज्येष्ठ सहकारी हिरोशी नानामी तिथे प्रशिक्षक होता म्हणून.

2019च्या मध्यावर तो योकोहामा एफसीत आला, दुसऱ्या श्रेणीत. पन्नाशी ओलांडलेला काझुयोशी मिउरा तिथे त्याचा सहकारी होता. त्याच हंगामात क्लब वरच्या श्रेणीत चढला. 2022च्या अखेरीस, 44व्या वर्षी, नाकामुरा निवृत्त झाला. जे-लीगच्या पहिल्या श्रेणीत थेट फ्री किकवर त्याचे 24 गोल आहेत. तो विक्रम आहे. 2023मध्ये तो योकोहामा एफसीच्याच प्रशिक्षकांत रुजू झाला.