कारवारचा तळ मुंबईच्या हाताखाली का? नौदलाच्या अधिकारसाखळीची पार्श्वभूमी

बेळगावच्या माणसाला लष्कर समजावून सांगावं लागत नाही. मराठा सेंटर गावातच आहे, आणि खानापूर-निपाणीकडे पलटणीत गेलेला एखादा काका-मामा प्रत्येक गल्लीत सापडतो. सुभेदार कोणाला सॅल्यूट ठोकतो आणि ब्रिगेडियर कोणाला, हे पोरंही सांगतील. नौदलाचं तसं नाही. कारवारला देशाचा एवढा मोठा तळ असूनही त्याचा हुकूम कुठून सुटतो हे विचारलं की अंदाज सुरू होतात. कोणी बंगळूर म्हणतं, कोणी कोची.

बेळगाव छावणी पुण्याच्या दक्षिण कमांडकडे आहे. सांबऱ्याचं हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र बंगळूरच्या ट्रेनिंग कमांडकडे आहे. कारवार मात्र मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडकडे. म्हणजे आपल्या टापूतली तीन दलं तीन शहरांकडे पाहतात. १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई राज्यात होती, त्यामुळे हा त्या जुन्या नात्याचा उरलेला धागा असेल असं इथल्या अनेकांना वाटतं. वाटणं स्वाभाविक आहे, पण कारण ते नाही. ते नौदलाच्या स्वतःच्या रचनेत आहे.

शिवकालीन आरमार इथल्या वाचकाला माहीत आहे. १६६५ ची बसरूरची मोहीम, परतीच्या वाटेवरचं गोकर्ण, अंकोला, कारवार, नंतर आंग्र्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद. त्या परंपरेचा मान आजच्या नौदलाने राखला आहे आणि २०२२ च्या नव्या निशाणावर शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोनही आला. पण कागदोपत्री वंशावळ कंपनी सरकारकडून येते. १६१२ ला सुरत, पुढे मुंबई, १८९२ ला रॉयल इंडियन मरीन, १९३४ ला रॉयल इंडियन नेव्ही. मुख्यालय मुंबईतच होतं, ते १९४१ मध्ये दिल्लीला गेलं. प्रमुख दिल्लीत बसू लागला, तरी जहाजं, गोदी आणि कारखाना मुंबईत राहिले.

तेव्हाचा नौदलप्रमुख स्वतंत्र नव्हता. हिंदुस्थानच्या सगळ्या फौजांचा एक कमांडर-इन-चीफ असे, तो लष्करी जनरल, आणि नौदल त्याच्या हाताखाली. १९४७ मध्ये ही बांधणी सुटली आणि तिन्ही दलांचे प्रमुख एकमेकांच्या बरोबरीला आले. फाळणीत प्रशिक्षणाच्या महत्त्वाच्या संस्था कराचीला राहिल्या, म्हणून शिकवण्याचं काम कोचीला वाढवावं लागलं. कोचीची दक्षिण नौदल कमांड आजही मुख्यतः प्रशिक्षणाची कमांड आहे, त्याचं मूळ हे.

१९४८ मध्ये नौदलप्रमुखाला कमांडर-इन-चीफ ही उपाधी मिळाली आणि १९५५ मध्ये कायदा करून तिन्ही प्रमुखांची ती काढली गेली. राहिलं ते फक्त 'चीफ ऑफ द नेव्हल स्टाफ'. या निर्णयावर आजही दोन तट आहेत.

निर्णयाच्या बाजूचं म्हणणं सरळ आहे. राज्यघटनेने सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींना दिलं आहे, मग खाली आणखी तीन सरसेनापती कशाला? ब्रिटिश काळात कमांडर-इन-चीफ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसे, त्याच्या खालोखाल वजन राखून असे. लोकशाहीत ते वजन गणवेशाकडे ठेवायचं नव्हतं. शेजारच्या देशात १९५८ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा या मंडळींना आपला निर्णय योग्यच ठरल्यासारखं वाटलं.

विरोधातलं म्हणणं कमी ऐकू येतं, पण मला त्यात जास्त तथ्य दिसतं. 'स्टाफ'चा प्रमुख म्हणजे सल्ला देणारा, आखणी करणारा अधिकारी. ब्रिटनमध्ये नौदलाचा कारभार मंत्री आणि वरिष्ठ नौसेनाधिकारी एकत्र बसून मंडळ म्हणून चालवत. आपण नाव तिकडचं घेतलं, मंडळ घेतलंच नाही. प्रमुखाची पाटी बदलली, पण ताफ्यावरचा हुकूम त्याच्याकडेच राहिला. दुसरीकडे त्याचं मुख्यालय मंत्रालयाच्या आत न येता 'संलग्न कार्यालय' म्हणून बाहेरच राहिलं. जो माणूस युद्धात जहाजं पाठवतो त्याची फाइल मुलकी खात्यातल्या कनिष्ठ टेबलांवरून वर चढायची. दलावर लोकनियुक्त सरकारचा अंकुश हवा, याबद्दल वाद असू शकत नाही. पण सरकारचा अंकुश वेगळा आणि कारकुनी साखळी वेगळी. १९५५ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच गाठीत बांधल्या गेल्या आणि ती गाठ सोडवायला पुढची पासष्ट वर्षं लागली.

हा कायदा झाला तेव्हा नौदलाचा प्रमुख अजून ब्रिटिश होता. लष्कराला भारतीय प्रमुख १९४९ मध्ये मिळाला, हवाई दलाला १९५४ मध्ये, नौदलाला एप्रिल १९५८ मध्ये. अधिकार कापताना ज्याच्या खुर्चीवर कात्री चालली तो परका होता, त्यामुळे नौदलाकडून जोरकस बाजू मांडली जाणं कठीणच होतं, असं माझं मत आहे.

१९६१ च्या डिसेंबरात साऱ्या देशाचा एकच लढाऊ ताफा होता. गोवा मुक्तीच्या वेळी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर त्याच ताफ्यातून त्रिशूल आणि म्हैसूर ही जहाजं गेली. भारतीय नोंदींनुसार बेटावर पांढरं निशाण दिसलं, होड्यांतून तुकडी उतरली आणि मग तिच्यावर गोळीबार झाला. सात नौसैनिक कामी आले. कारवारच्या किनाऱ्यावरून दिसणारं ते बेट आज तळाच्या कक्षेत आहे, जरी महसुली हिशोबात ते गोव्याचं असलं.

एका ताफ्याने दोन समुद्र सांभाळता येत नाहीत हे उघड होतं. १ मार्च १९६८ ला वाटणी झाली. मुंबईला पश्चिम कमांड, विशाखापट्टणमला पूर्व कमांड, दोन्हीवर व्हाइस ॲडमिरल. कोची त्या वेळी नुसतं 'क्षेत्र' ठरलं, कमांडचा दर्जा त्याला पुढे मिळाला. नौदलप्रमुखाचं पद त्याच दिवशी पूर्ण ॲडमिरलचं झालं. आणि १९५५ मध्ये वरून काढलेला 'इन-चीफ' हा शब्द खालच्या पायरीवर परत आला, कारण किनाऱ्यावरच्या या प्रमुखांची पदनामं 'फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ' अशी झाली. गोंधळ होतो तो इथे. दिल्लीतला वरिष्ठ 'चीफ ऑफ स्टाफ' आणि त्याचा मुंबईतला हाताखालचा 'कमांडिंग-इन-चीफ'.

पूर्वेचा वेगळा ताफा तर १ नोव्हेंबर १९७१ ला उभा राहिला आणि महिन्याभरात त्याला विक्रांत या विमानवाहू जहाजासह युद्धात उतरावं लागलं. कराचीवरचा ४ डिसेंबरचा क्षेपणास्त्र नौकांचा हल्ला पश्चिम कमांडचा होता. १९६८ ची वाटणी युद्धात टिकली आणि मग तिला कोणी हात लावला नाही.

मुंबई बंदरात व्यापारी जहाजांची दाटी होती आणि पाकिस्तानी विमानांपासून अंतर वाढवायचं होतं, म्हणून कारवार निवडलं गेलं. पायाभरणी २४ ऑक्टोबर १९८६ ला झाली, 'कदंब' हा तळ कार्यान्वित झाला ३१ मे २००५ ला. मधल्या काळात कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरची गावं उठली आणि मच्छीमार कुटुंबांचे मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात राहिले. एवढं मोठं काम ज्यांच्या जमिनीवर झालं त्यांना हेलपाटे घालावे लागले, हे नौदलाबद्दल आदर ठेवूनही सांगायलाच हवं. तळाचं नाव ज्या घराण्याचं, त्याच्या खुणा आपल्या हलशीत आहेत.

तळ मुंबईचा भार हलका करायला बांधला, म्हणून तो मुंबईच्याच कमांडला जोडला गेला. साखळी प्रत्यक्षात कशी चालते हे विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरून कळतं. ती धक्क्याला असते तेव्हा तिची व्यवस्था कर्नाटक नौदल क्षेत्राचा अधिकारी बघतो. ती ताफ्यासोबत समुद्रात उतरली की हुकूम पश्चिम ताफ्याच्या प्रमुखाचा. तिची मिग विमानं गोव्याच्या दाबोळीला असतात. हे सगळे धागे मुंबईत एकत्र येतात आणि तिथून दिल्लीला जातात.

कारगिलनंतर या रचनेची फेरतपासणी झाली. नौदल मुख्यालयाला मंत्रालयाचा भाग मानलं गेलं, २००१ मध्ये अंदमानात तिन्ही दलांची पहिली एकत्र कमांड आली आणि १ जानेवारी २०२० ला संरक्षण दल प्रमुख हे पद सुरू झालं. पण अंदमानात एक अडचण राहिलीच. तिथल्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या जवानावर स्वतः शिस्तीची कारवाई करता येत नसे, प्रकरण त्याच्या मूळ दलाकडे पाठवावं लागे. २०२३ च्या कायद्याने तो अधिकार दिला आणि थिएटर कमांडची, म्हणजे एका टापूतली तिन्ही दलं एकाच हुकुमाखाली आणण्याची, वाट मोकळी झाली. त्या योजनेत नौदलप्रमुखाकडे माणसं घडवणं आणि साधनं पुरवणं राहील, लढाईचा हुकूम थिएटर कमांडरकडे जाईल. म्हणजे १९५५ च्या पाटीवर जे लिहिलं होतं ते काम आता खरोखर त्या पदाला मिळेल. सागरी थिएटरच्या मुख्यालयासाठी सुरुवातीच्या बातम्यांत कारवारचं नाव होतं. तसं झालं तर पश्चिम कमांडच कारवारच्या हाताखाली आली असती. नंतरच्या बातम्यांत तिरुवनंतपुरमचं नाव पुढे आलं.