पऱ्हाटीचा कोळसा रानात टाकण्याआधी

कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या काड्या, रानात ठेवून चालत नाही, गुलाबी बोंडअळी तिथेच मुक्काम ठोकते. म्हणून ती उपटायची, बांधावर रचायची आणि पेटवायची, अशी मराठवाड्यातली रीत. हाती उरते ती राख. तीच पऱ्हाटी हवा तोडून जाळली, तर वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका कोळसा मिळतो. हाच बायोचार. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी थांबतं, आणि पृष्ठभागावरचा ऋण भार अमोनियम व पोटॅश धरून ठेवतो. शेणखत काही वर्षांत कुजून संपतं, हा कर्ब मात्र कित्येक दशकं मातीत राहतो.

पण बायोचारचे मोठे फायदे दिसले ते बहुतेक उष्ण प्रदेशातल्या आम्लधर्मी, हलक्या जमिनीत. कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो, त्यामुळे तिथली आम्लता मोडते. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू (pH) आधीच 8 च्या वर. तिथे कोरा, खत न भरलेला कोळसा भरमसाट टाकला तर लोह आणि जस्त आणखी अडकतं. शिवाय कोरा कोळसा आधी स्वतःचं पोट भरतो, मातीतलं नत्र ओढून घेतो, आणि पहिल्याच हंगामात पीक पिवळं पडतं. म्हणून आपल्याकडे दोन पथ्यं: कोळसा खताने भरूनच टाकायचा, आणि थोडा, मुळापाशी.

करायला भट्टी लागतेच असं नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी पिंपाची भट्टी तयार केली आहे, पण पिंपात पऱ्हाटी तोडून भरावी लागते. लांब काड्यांना चर सोपा: 6 फूट लांब, वर 3 फूट रुंद, अडीच फूट खोल, बाजू उतरत्या. काड्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, मुळांची माती झटकलेली. वारा पडलेल्या सकाळी तळाशी थोड्या काड्या रचून वरून पेटवा. निखाऱ्यावर राखेची पांढरी झाक दिसू लागली की लगेच पुढचा पातळ थर द्या. वरची ज्वाळा येणारी हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळत नाही. दाट पांढरा धूर निघाला तर काड्या ओल्या आहेत किंवा थर जाड झालाय. थराला उशीर झाला तर राखच वाढते, आणि सामू वाढवण्यात राखेचा वाटा मोठा.

शेवटी भरपूर पाणी ओतून विझवा. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या मातीचा वीतभर थर द्या, कडेची एकही फट सोडू नका. वरून थंड वाटणारा ढीग आतून धुमसत राहतो आणि सकाळपर्यंत अर्धा जळून जातो. नीट झालेला कोळसा कटकन मोडतो, हाताला लागलेला नुसत्या पाण्याने निघतो. बोटं तेलकट राहिली तर तो कच्चा आहे, पुढच्या खेपेला परत जाळा.

ओला असतानाच ठेचून ज्वारीच्या दाण्याएवढा करा. कोरडा कुटला तर भुकटी छातीत जाते. मग तो भरायचा. सगळ्यात सोपी जागा गोठा: जनावरांच्या मूत्राच्या जागी पसरा, आठवड्याने उचलून शेणखतात घाला. नाहीतर तेवढ्याच घमेल्यांचं कुजलेलं शेणखत मिसळून, ओलसर ठेवून, तीन आठवडे सावलीत राहू द्या. युरियात मात्र कोरा कोळसा कालवू नका. अल्कधर्मी संगतीत युरियाचा अमोनिया होऊन उडतो, आणि खत वाचवण्याच्या नादात खतच जातं.

एकरी साधारण टनभर पऱ्हाटी धरली तर 200 किलोच्या आसपास कोळसा हाती येतो. रानभर पसरला तर त्याचा पत्ताही लागत नाही. 4 बाय दीड फुटावरच्या कपाशीत एकरी 7,260 झाडं बसतात, म्हणजे झाडामागे 27 ग्रॅम, शेणखतासह जेमतेम दोन मुठी. लागवडीच्या वेळी फुलीवर (बी टोकायच्या खुणेवर) बियाण्याच्या बाजूला, चार बोटं खोल द्या.

सोयाबीनचं भुसकट आणि ज्वारीचा कडबा यासाठी जाळू नका, ते जनावराचं. उसाचं पाचटही रानातच अंथरलेलं बरं. तुराट्या मात्र पऱ्हाटीइतक्याच चांगल्या. मोसंबीच्या बागेत पानं आधीच पिवळी असतील तर हात आखडता ठेवा, आणि सामू 8.5 च्या पुढे असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

पहिल्या वर्षी रासायनिक खताची मात्रा कमी करू नका. चार तासं (ओळी) कोळशाविना सोडा, वेचणी वेगळी मोजा. सलग दोन हंगाम फरक दिसला तर माती तपासून नत्र थोडं थोडं खाली आणा.