बाहुलीचा चेहरा पुसून नवा काढायचा, हे सुरू कुठून झालं

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात सरावलेल्या हाताकडे जाते, कारण बाकी मूर्ती कितीही सुबक असू दे, डोळे चुकले की सगळं गेलं. बाहुल्या रिपेंट करणाऱ्यांचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी हेच आठवलं. इथे मात्र फॅक्टरीने एक चेहरा आधीच छापून दिलेला असतो, तो पूर्ण पुसायचा आणि मग कोऱ्या प्लॅस्टिकवर दुसरं माणूस उभं करायचं. यात आता रंगाबरोबर कोरीवकामही आलंय, आणि ते कसं आलं हे समजून घ्यायचं तर ब्लाइथपासून सुरुवात केलेली बरी.

ब्लाइथ 1972 साली अमेरिकेत केनर कंपनीने काढली. साधारण 28 सेंटिमीटरची बाहुली, अंगाच्या मानाने डोकं केवढं तरी मोठं, आणि डोक्यामागे एक दोरी, ती ओढली की डोळे मिटून उघडतात आणि दर वेळी रंग बदलतो, असे चार रंग. लहान मुलांना ती आवडली नाही, बऱ्याच जणांना भीतीच वाटली, आणि वर्षभरात केनरने ती बंद केली. मग पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही. 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या जीना गॅरन हिच्या हाती एक जुनी ब्लाइथ आली आणि ती जाईल तिथे तिला घेऊन फोटो काढायला लागली. 2000 साली त्या फोटोंचं पुस्तक आलं, त्याच वर्षी जपानमधल्या पार्को या डिपार्टमेंट स्टोअरने ब्लाइथला जाहिरातीत घेतलं, आणि 2001 पासून जपानच्या ताकारा कंपनीने ती नव्याने बनवायला घेतली. म्हणजे मुलांनी नाकारलेलं खेळणं मोठ्यांनी परत आणलं, आणि मोठी माणसं बाहुली घेतात तेव्हा ती आहे तशी ठेवत नाहीत हे लगेच दिसायला लागलं.

हे जपानमध्येच इतकं जोरात का झालं याचं कारण मला गॅरेज किटमध्ये दिसतं. तिथे मॉडेलवाल्यांमध्ये आधीपासून अशी पद्धत होती की पुतळ्याचे सुटे, न रंगवलेले भाग विकत आणायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, सगळं स्वतः. क्योटोची व्होल्क्स कंपनी याच धंद्यातली आणि तिनेच 1999 मध्ये सुपर डॉल्फी आणली, रेझिनची म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या कडक प्लॅस्टिकची, सांध्यांत गोळे असलेली, आतून इलॅस्टिकने ताणून जोडलेली बाहुली. विग बदला, डोळे बदला, आणि चेहरा हवा तर कोरा घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच, कारण इथे बनवणाऱ्यानेच सांगितलं की चेहरा तुमचा तुम्ही काढा. गोळ्याच्या सांध्याची कल्पना त्याहून खूप जुनी आहे. बर्लिनमध्ये हान्स बेल्मर या कलाकाराने 1930 च्या दशकात तिथल्या संग्रहालयातल्या सोळाव्या शतकातल्या लाकडी बाहुल्या बघून तशी आपली बाहुली केली होती, तिचे फोटो 1965 मध्ये एका जपानी मासिकात सिमोन योत्सुया या बाहुल्या बनवणाऱ्या कलाकाराने पाहिले आणि तिथून जपानमध्ये या बाहुल्या कला म्हणून बनायला लागल्या.

अमेरिकेत वाट वेगळी होती. 1995 मध्ये चित्रकार मेल ओडमची जीन मार्शल ही मोठ्यांसाठीची फॅशन डॉल आली आणि तिचे चेहरे पुन्हा रंगवणारे हात तयार झाले. नव्वदच्या दशकातच रीबॉर्नही पसरलं, म्हणजे व्हायनलच्या, मऊ प्लॅस्टिकच्या, बाळ-बाहुलीवर पातळ रंगाचे थरावर थर देऊन कातडीखालच्या शिरा दाखवायच्या आणि मोहेरचे म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीचे केस सुईने एकेक करून टोचायचे.

कामाची पद्धत आता बऱ्यापैकी ठरून गेलीये. आधी मूळ रंग काढायचा, व्हायनलवर अ‍ॅसिटोन चालतं पण ब्लाइथचा चेहरा एबीएस प्लॅस्टिकचा, त्याला अ‍ॅसिटोन लावलं की तो विरघळायलाच लागतो, नवीन लोकांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. मग मॅट सीलंटचा, म्हणजे चमक न येता रंग धरून ठेवणाऱ्या थराचा स्प्रे, कारण नुसत्या प्लॅस्टिकवर पेस्टल धरत नाही. त्यावर खडूचा पेस्टल किसून भुकटीने गालाची, पापण्यांची छटा, जलरंगाच्या पेन्सिलीने भुवया, पुन्हा स्प्रे, पुन्हा थर. स्प्रेला आणि घासताना उडणाऱ्या धुळीला रेस्पिरेटर मास्क हवाच, साधा रुमाल बांधून भागत नाही. भर घालायची असेल, म्हणजे कान, शिंगं, जाड ओठ, तर दोन भाग सारखे घेऊन मळायची इपॉक्सी क्ले असते, ती दोनेक तास हाताखाली राहते आणि दिवसभरात दगडासारखी होते.

ब्लाइथमध्ये उलटं, तिथे काढून टाकायचं. डोकं उघडायचं, केसांची टोपी सोडवायची, आणि ओठ, नाकपुड्या, नाकाखालची पन्हळ हे सगळं ब्लेडने आणि कानशीने कोरायचं, मग जाड सँडपेपरपासून अगदी बारीकपर्यंत घासत यायचं. एकदा जास्त गेलं की परत येत नाही, म्हणून मला हे काम रंगापेक्षा अवघड वाटतं. डोळ्यांतल्या 14 मिलिमीटरच्या चिप्स, म्हणजे बुबुळाच्या रंगीत चकत्या, त्याही बदलतात, चार जोड्या, त्यामुळे एकाच चेहऱ्यावर चार वेगळ्या नजरा बसवता येतात.

2010 मध्ये मॅटेलच्या मॉन्स्टर हाय बाहुल्या आल्या आणि हे सगळं कितीतरी जास्त लोकांच्या आवाक्यात आलं. रेझिनची बाहुली सगळ्यांना कुठे परवडते, पण इथे स्वस्तातल्या व्हायनलवर सराव करता आला आणि यूट्यूबवर शिकवणारेही भेटले. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या सोनिया सिंगने जुन्या बाजारातल्या ब्राट्झ या फॅशन डॉल्सचा भडक मेकअप पुसून साध्या पोरींचे चेहरे काढले, कपडे तिच्या आईने विणले, ते फोटो जगभर फिरले. मला ते काम फार जवळचं वाटतं. तिने तिथे काही कोरलं नाही, नुसतं पुसलं आणि थोडंसंच रंगवलं.

1972 च्या मूळ केनर ब्लाइथला मात्र बरेच कस्टमायझर, म्हणजे बाहुल्या अशा बदलणारे, कोरायला हात लावत नाहीत. केस धुतात, सैल झालेले सांधे नीट करतात, दोरी बदलतात, आणि चेहऱ्यावरचा फॅक्टरीचा रंग आहे तसा ठेवतात. कोरायला 2001 नंतरची नवी घेतात, आणि काम झालं की डोकं बंद करायच्या आधी आतल्या बाजूला आपली सही आणि तारीख टाकून ठेवतात.