तोकाइदो

तोकाइदो हा जपानमधील एदो (आजचे टोकियो) ते क्योतो असा सुमारे ४९० किलोमीटरांचा ऐतिहासिक रस्ता. ‘पूर्व समुद्राकाठची वाट’ हा या नावाचा अर्थ. जपानची सत्ता हाती घेतलेल्या तोकुगावा इएयासूने १६०१ मध्ये या वाटेवर मुक्कामाची ठाणी बांधायला घेतली. टोकियोतील निहोम्बाशी पूल आणि क्योतोतील सांजो पूल या दोन टोकांमध्ये पुढे अशी ५३ ठाणी झाली.

या वाटेवर वर्दळ वाढली ती राजकारणामुळे. १६३५ पासून सरदारांना आलटून पालटून एदोमध्ये येऊन राहावे लागे, आणि त्यांच्या बायका-मुलांना कायम तिथेच ओलीस ठेवलेले असे. म्हणून हाकोनेच्या डोंगरातील नाक्यावर एदोकडून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची कसून झडती होई. आशी सरोवराच्या काठी हा नाका जुन्या पद्धतीने पुन्हा उभारला आहे. जवळच जुनी देवदारांची रांग आणि दगडी फरसबंदीचे तुकडे आहेत. पावसात हे दगड फार निसरडे होतात.

याच वाटेवरच्या शिमादा या ठाण्याजवळ ओई नदीवर मुद्दाम पूल बांधला नव्हता. हमाल प्रवाशांना खांद्यावर किंवा पाटावर बसवून पलीकडे नेत. पाणी कमरेला लागते की छातीला, यावर मजुरी ठरे. पूर आला की दोन्ही काठांवर लोक दिवसेंदिवस अडकून पडत. हमालांच्या वस्तीतली जुन्या धर्तीची घरे आणि १८७९ चा लांबलचक लाकडी होराई पूल पाहण्यासाठी इथे अवश्य उतरावे.

पुढे रेल्वे आली. टोकियोतील शिम्बाशी ते ओसाकापलीकडचे कोबे हा लोहमार्ग १८८९ मध्ये पूर्ण झाला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, शिंकान्सेन म्हणजे जपानची बुलेट ट्रेन धावू लागली. तेव्हा टोकियो ते ओसाका प्रवासाला चार तास लागत; आज वेगवान ‘नोझोमी’ गाडी हे अंतर अडीच तासांच्या आत कापते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी याच तंत्राची निवड झाली आणि तो मार्गही जवळपास एवढाच, ५०८ किलोमीटरांचा आहे.

बहुतेक पर्यटक नोझोमीने थेट क्योतो गाठतात आणि मधली सगळी वाट खिडकीतून निघून जाते. ती पाहायची तर प्रत्येक स्थानकावर थांबणारी ‘कोदामा’ बरी. कोदामाने ओदावाराला उतरून डोंगरगाडीने हाकोनेला जाता येते. चढ इतका उभा की ही गाडी तीन ठिकाणी दिशा बदलत, पुढे-मागे होत वर जाते. पुढे ओवाकुदानीच्या गंधकाच्या वाफांवरून रोपवे जातो. तिथल्या गरम झऱ्यात उकडलेली काळ्या कवचाची अंडी लोक आवडीने खातात. फुजी पर्वतासाठी ओसाकाकडे जाताना उजव्या हाताची, साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची, खिडकी मागून घ्यावी. शिमादाला शिंकान्सेन थांबत नाही; त्यासाठी शिझुओकाला उतरून साधी गाडी धरावी लागते.

लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून मोठी बॅग शिंकान्सेनमध्ये न्यायची तर तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. शहरांतल्या लोकलसाठी ‘सुइका’सारखे, आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड पुरते.

वाटेचे जुने रूप सर्वांत अखंड दिसते ते मिए प्रांतातल्या सेकी या ठाण्यात. लाकडी जाळ्यांच्या खिडक्या असलेली घरे इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी आहेत आणि त्यांत लोक अजून राहतात.